पत्रिकेतली मोकळी जागा

शिशाचे खिळे किलोवर मिळायचे. धुळ्याच्या ज्या छापखान्यात मी पोरवयात पायाचं ट्रेडल मशीन मारायला लागलो, तिथला मालक अक्षरांच्या खिळ्यांची पेटी मागवायचा, तोलून घ्यायचा, पैसे द्यायचा आणि विषय संपायचा. पुढं त्या 'क'नं लग्न छापा नाहीतर मयत छापा, 'क' कधी सांगायला आला नाही की माझा नवा अवतार निघालाय, जुना मी आता चालणार नाही. झिजला की वितळवायचा. त्यामुळं माझी अशी समजूत होती की अक्षर एकदा विकत घेतलं की आपलं होतं. चौथी शिकलेल्या माणसाच्या समजुती अशाच असतात, साध्या आणि चुकीच्या.

ही समजूत सिल्वासाला येऊन मोडली.

सरकारनं इथं कर माफ केला म्हणून कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागं आम्ही खानदेशवाले आलो. मी प्लॅस्टिकच्या पिंपांवर नावं छापायच्या कामाला लागलो. जाळीची चौकट ठेवायची, वर शाई टाकायची आणि रबरानं ओढायची, याला स्क्रीनचं काम म्हणतात. माफीची वर्षं संपली की एखादी कंपनी पाटी बदलायची. तेच शेड, तेच मशीन, तीच माणसं, नाव नवं. परत माफी. पुढं कॉम्प्युटरच्या प्रोग्रामांचा हाच धंदा बघितला तेव्हा मला नवल वाटलं नाही. फरक एवढाच की इथं माफी कोणालाच नव्हती, भुर्दंड मात्र आम्हाला होता.

आमची कंपनी पाटी न बदलताच बंद पडली. साहेबानं आम्हाला राहिलेल्या पगाराच्या जागी सामान दिलं. कोणी पंखे नेले, कोणी लोखंडी कपाटं. माझ्या वाट्याला ऑफिसातला कॉम्प्युटर आणि कागदावर छापणारं त्याचं मशीन आलं. मी कपाट मागत होतो. बायको म्हणाली, हेच घ्या.

बायको सातवी शिकलेली. घरात शिकलेलं माणूस तेच. धुळ्याला असताना ती माझ्या शेजारी उभं राहून खिळे जुळवायला शिकली होती, उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायची. सिल्वासातल्याच आमली भागात, भाड्याच्या जागेत पुढच्या खोलीत आम्ही दुकान टाकलं. ती कॉम्प्युटरवर जुळवणार, मी स्क्रीन ओढणार. कारखान्यांत धुळे, जळगाव, नंदुरबारची एवढी माणसं होती की लग्न गावाला असलं तरी पत्रिका इथं छापायचे आणि सुट्टी मिळाली की पिशवीत घालून न्यायचे. धंदा चांगला झाला.

मराठी अक्षरांचा प्रोग्राम आम्ही वापीच्या एका व्यापाऱ्याकडून रीतसर विकत घेतला. विकत म्हणजे आपली समजूत. पैसे घेऊन त्यानं थोड्या फ्लॉप्या दिल्या आणि काड्यापेटीएवढा एक ठोकळा दिला. त्याला लॉक म्हणायचे. तो मशीनच्या मागं खोचायचा. लॉक असला तर मराठी, नसला तर मशीन मुकं. मशीन आमचं, वीज आमची, बोटं हिची, आणि 'श्री गणेशाय नमः' म्हणायची परवानगी त्या ठोकळ्याची. शिवाय फ्लॉपीवरून तो प्रोग्राम मशीनमध्ये मोजक्याच वेळा भरता यायचा. त्या वेळा संपल्या की फ्लॉपी लहान पोरांना खेळायला. मी व्यापाऱ्याला विचारलं होतं, उद्या भजी तळायची कढई घेतली आणि दुकानदार म्हणाला की एवढेच घाणे काढा, तर? तो हसला. तो गुजराती माणूस, स्वभावानं गोड होता. गोड माणसाशी भांडता येत नाही हाच त्याचा धंदा.

घरातली सगळ्यात महाग वस्तू तो लॉक होता, सोन्याच्या खालोखाल. म्हणून दुकान बंद करताना बायको तो काढून आणायची आणि देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवायची. चोर आला तरी देव्हाऱ्याला हात लावणार नाही, असा तिचा हिशोब. आमची आई तेव्हा होती, ऐंशीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू. पूजा तीच करायची. पहिल्या दिवशी तिनं ठोकळा हाताला लावून बघितला आणि सुनेला विचारलं, "हाऊ देव कोनता शे वं, बेटी?"

बायको म्हणाली, पोट भरणारा आहे. आईला पटलं. तेव्हापासून खंडोबा, म्हाळसा, सप्तशृंगी आणि लॉक अशी पूजा सुरू झाली. रोज हळदीकुंकवाचं बोट. लॉकनं कधी तक्रार केली नाही. मागच्या बाजूनं लाल-पिवळा झाला, पण मराठी चालू होती.

मग एका दसऱ्याला आईनं सगळे टाक ताम्हनात काढले आणि पंचामृताची आंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर. लॉकलाही. का घालणार नाही? सणाच्या दिवशी बाकीच्या देवांना आंघोळ आणि एकाला नाही, असं आमच्या आईकडून झालं नसतं. आम्ही दुकानातून येईपर्यंत लॉक पुसून, फूल वाहून जागेवर बसलेला. बायकोनं तो उन्हात वाळवला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केला, आणि तो चालला सुद्धा. कधी कधी हलवून बसवावा लागायचा, पण चालला. आईला कोणी काही बोललं नाही. बोलून काय, तिनं माफी देवाकडं मागितली असती आणि देव म्हणजे परत तोच लॉक.

त्याच दिवाळीत आमच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा शिरपूरकडचा, नोकरी नाशिकला. तिथी माघातली निघाली.

बायकोनं त्या दिवसापासून एकच धरलं. पत्रिका मी जुळवणार. हे बोलायचीही गरज नव्हती, कारण दुसरं कोण जुळवणार होतं? पण ती बोलत राहायची. तिच्या स्वतःच्या लग्नाला पत्रिकाच नव्हती. तिच्या बापाची ऐपत नव्हती, माझ्या बापालाही हौस नव्हती. माझ्या मामानं घरोघर अक्षता दिल्या आणि तोंडानं सांगितलं, त्यातही दोन घरं विसरला. नंतर आयुष्यभर तिनं लोकांच्या पोरींच्या पत्रिका जुळवल्या. कुठला चुलता वर, कुठला खाली, कोण रुसलंय म्हणून 'कार्यवाहक' कोणाला करायचं, सगळं तिला पाठ. आपल्या पोरीच्या पत्रिकेसाठी तिनं वेलबुट्टी कधीची निवडून ठेवली होती.

आणि त्याच सुमारास आम्ही सिस्टीम बदलली.

बदलली नसती तर बरं झालं असतं, पण एका कारखान्याचं लेबलांचं काम मिळालं होतं आणि त्यांची फ्लॉपी आमच्या जुन्या मशीनमध्ये उघडत नव्हती. आमच्या ओळखीचे एक इंजिनिअर होते, पुण्याचे, पिंपांच्या कारखान्यात नोकरी आणि रविवारी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ते म्हणाले, वहिनी, हे काळ्या पडद्यावरचं जुनं काढून टाकू, नवी रंगीत सिस्टीम टाकतो, बाकी काहीही बदलणार नाही. बाकी काही बदलणार नसेल तर बदलायचं कशाला, हे मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि वहिनीकडून चहा मागितला.

नवी सिस्टीम आली. सुंदर होती. मागं निळं आभाळ, आत ढग. लेबलं उघडली. मराठीचा प्रोग्राम काही उघडेना. चौकट यायची की लॉक सापडत नाही. लॉक तर मागं खोचलेला, मला उघड्या डोळ्यांनी दिसत होता. काढला, घातला, फुंकर मारली, आईनं परत कुंकू लावलं. नाहीच. जुनी सिस्टीम परत टाकावी म्हटलं तर फ्लॉपीवरून प्रोग्राम भरायच्या वेळा संपलेल्या. इंजिनिअर म्हणाले, मध गेलाय आत, दुसरं काही नाही.

लॉक रुमालात बांधून आम्ही दोघं जीपनं वापीला गेलो. व्यापारी म्हणाला, बेन, यात लॉकचा काही दोष नाही, सिस्टीम नवी आहे, तिला आपला नवा प्रोग्रामच पाहिजे. बरं, मग नवा दे. तर म्हणे नवा घ्यायचा तर पूर्ण किंमत, पण जुना लॉक परत दिला तर अर्ध्यात. हिनं रुमाल सोडून लॉक पुढं ठेवला. त्यानं तो उचलला आणि बोटं चिकटली. नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"बेन, आ शुं छे?"

"प्रसाद," मी म्हटलं.

मग त्यानं सांगितलं की असा लॉक कंपनी परत घेत नाही. आत मध गेला आहे, बिघडलेला आहे. मी म्हटलं, आत्ता तर दोष सिस्टीमचा होता. तो म्हणाला, होता ना, काका. म्हणजे विकताना दोष सिस्टीमचा, परत घेताना दोष मधाचा. गोड माणूस, मी आधीच सांगितलं.

पूर्ण किंमत भरायची तर पोरीच्या मंगळसूत्राला हात घालावा लागला असता. तो विषय आम्ही जीपमध्येही काढला नाही. वाटेतल्या दादऱ्यापर्यंत ती बाहेर बघत बसली. दादऱ्याला मी म्हटलं, वापीतच एक जण जुळवून देतो, त्याच्याकडून घेऊ, अक्षर म्हणजे अक्षर, कोणी का दाबेना. आजूबाजूला माणसं बसलेली, पण ती हळू बोलली नाही.

"लोकांच्या पोरींच्या जुळवल्या मी. माझ्या पोरीची भाड्यानं जुळवून आणू?"

समोरची बाई माझ्याकडं अशी बघायला लागली जशी ती पोर मीच रस्त्यावर सोडली होती.

रविवारी इंजिनिअर आले आणि उपाय घेऊन आले. कोणीतरी लॉक तोडलेला प्रोग्राम, फुकट, सगळे वापरतात. मला तर लगेच पटलं. हिला नाही. पोरीच्या लग्नाची सुरुवात चोरीच्या अक्षरांनी करायची नाही म्हणाली. मी विचारलं, स्वयंपाकाला घासलेट ब्लॅकचं आणून ठेवलंय तेव्हा हा धर्म कुठं होता?

"घासलेट जळून जातं," ती म्हणाली. "पत्रिका राहते."

इंजिनिअर आपला उपाय घेऊन परत गेले.

शेवटी ती एकटीच वापीला जाऊन आली आणि एक फ्लॉपी घेऊन आली. व्यापाऱ्यानं फुकट दिली होती. त्याला डेमो म्हणतात. म्हणजे मिठाईवाला चाखायला तुकडा देतो तसं. नवा प्रोग्राम पूर्ण चालतो, लॉक लागत नाही, वेळाही मोजत नाही, फक्त जे काही छापाल त्याच्या बरोबर मध्ये एका गोलात मोठ्या अक्षरात 'नमुना' असं छापून येतं. वापरा, आवडलं तर घ्या. ही वापरायची परवानगी त्यानंच दिलेली, म्हणजे चोरी नाही, असं तिचं म्हणणं.

तिनं पत्रिका जुळवली. वर कुलदैवतं, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मध्ये वधूवर, खाली मुहूर्त. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर काढली, त्यावरूनच उन्हात मजकूर जाळीवर उतरतो. वधूवरांच्या डोक्यावर 'नमुना' बसला होता. माझी मुलगी आणि तिचा नवरा, नमुना. खोटं नव्हतं, पण लग्नाआधी छापायची गोष्ट नव्हती.

मी म्हटलं, थांब, खरवडतो. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं निघते. स्क्रीनवाल्याला हे येतं. मी ब्लेड लावलं. नमुना निघाला, त्याबरोबर जावयाच्या नावाची वेलांटी निघाली आणि व्याह्यांचं अर्धं आडनाव गेलं. उरलेल्या अर्ध्याचा काही अर्थ होत नव्हता ते नशीब. झाला असता तर लग्न मोडलं असतं. दुसरं ट्रेसिंग काढलं, तेही फाटलं. इकडं गावाहून भावाचा निरोपावर निरोप, पत्रिका कधी पाठवतोस, देवापुढं ठेवायची आहे, मग आमंत्रणाला निघायचं आहे.

दुपारी जेवताना ती हात थांबवून बसली. आमटीच्या वाटीकडं बघत होती. मला वाटलं मीठ कमी झालं. तिनं वाटी रिकामी केली, धुतली, पुसली, आत जाऊन ते फाटकं ट्रेसिंग आणलं आणि त्या 'नमुना'च्या गोलावर वाटी ठेवली. बरोबर बसली. मग कोऱ्या कागदाच्या मध्ये वाटी ठेवून पेन्सिल फिरवली.

"ही जागा सोडून देते त्याला," म्हणाली. "बसू दे मध्ये. आपण बाजूनं जाऊ."

आणि ती बाजूनं गेली. डाव्या हाताला वधू, उजव्या हाताला वर, मध्ये वाटीएवढं काहीच नाही. वर देव दाटीवाटीनं उभे, खाली पाहुणे. जागा गेली म्हणून माझ्या दोन चुलतभावांना एका ओळीत बसवावं लागलं, जे लग्नमंडपातही एका ओळीत बसत नव्हते. 'माझ्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ काढावी लागली. ट्रेसिंग निघालं तेव्हा 'नमुना' आपल्या गोलात एकटाच बसलेला, कोणाला धक्का नाही. मी स्क्रीन केली, उन्हात धरली, धुतली, आणि उलटी करून त्या गोलावर खालून चिकटपट्टी लावली. कडा नखानं दाबल्या. त्यातून शाई जात नाही. पहिली पत्रिका ओढली. स्वच्छ. तिनं ती वाळायच्या आधीच हातात घेतली, त्यामुळं त्या एका पत्रिकेवर तिचा अंगठा आहे.

मला काही ती बरी दिसत नव्हती. दात पडल्यासारखी वाटत होती. पण मी पुढचा कागद लावला आणि ओढत राहिलो.

साखरपुडा लग्नाच्या तोंडावरच ठेवला होता, तिथं विहीणबाईंनी पत्रिका उलटसुलट केली. त्या शिकलेल्या, शाळेत बाई होत्या. सगळ्यांसमोर विचारलं की मध्ये छापायचं राहिलं का? आमच्या माणसांच्या माना खाली गेल्या. माझ्या मनात आलं, आता बायको लॉक, मध, डेमो सगळं सांगत बसते.

"अंतरपाट आहे, विहीणबाई," ही म्हणाली. "मुलगी इकडं, मुलगा तिकडं. मंगलाष्टकं झाली की निघेल."

विहीणबाईंनी पत्रिका शेजारच्या बाईला दाखवली, तिनं पुढं दिली, आणि ती सगळ्या बैठकीत फिरून आली. कोणी म्हणालं, शहरात राहिल्याचा फरक पडतो बघा.

पुढं काय व्हावं? त्या लग्नसराईत जो येईल तो म्हणायचा, अंतरपाटवाली पत्रिका पाहिजे. नरोलीहून यायचे, थेट दुधनीहून माणूस यायचा. एक जण म्हणाला, आमच्यात भाऊबंदकी फार आहे, अंतरपाट जरा मोठा करता येईल का. बायको सगळ्यांना तोंडावर हात ठेवून हसायची आणि डेमोवर जुळवून द्यायची. मी पट्टी लावायचो. ज्या जागेत कंपनीनं आमची अडवणूक करून ठेवली होती ती जागा लोक पसंत करून मागत होते.

उन्हाळ्यात वापीचा व्यापारी स्वतः आला. घाम पुसत बसला, पाणी प्याला, म्हणाला, पुतणीचं लग्न आहे, बेन, मुलाकडचे मराठी आहेत, तर मराठीत शंभरेक पत्रिका पाहिजेत. नव्या पद्धतीच्या. मध्ये मोकळं असतं ना, तसल्या.

हिनं नमुन्याला एक पत्रिका दिली. तो बघत राहिला. मग त्यानं मध्ये बोट ठेवलं आणि गोल फिरवलं, आणि मला दिसलं की त्याला कळलं. विकणाऱ्याला आपल्या मालाचं माप कळणारच. मी उठून उभा राहिलो, म्हटलं आता भांडण. तो हसायलाच लागला, खुर्ची हलेपर्यंत. म्हणाला, कंपनीला कळलं तर 'नमुना' बाजूला सरकवतील, मग तुमचा अंतरपाट कुठं जाणार?

हिनं शांतपणे विचारलं, जुना लॉक घेता का परत? आता विकायची वेळ आहे, म्हणजे मध नसणार.

त्यानं घेतला. नवा लॉक अर्ध्या किमतीत दिला, पुतणीच्या पत्रिका त्यात वळत्या केल्या. जुना लॉक नेताना त्यानं आईला विचारून, पाया पडून नेला. म्हणून म्हणतो, गोड माणूस.

आता आमच्याकडं रीतसर प्रोग्राम होता आणि देव्हाऱ्यात नवा लॉक. 'नमुना' येत नव्हता. कागद वरपासून खालपर्यंत आमचा. आणि लोक काही ऐकेनात. मध्ये मोकळंच पाहिजे. म्हणजे जी जागा फुकटात रिकामी राहत होती ती आता पैसे भरून रिकामी ठेवायची. बायको वाटी जवळच ठेवायची. त्यात आमटी खायची बंद झाली.

मुलीला मुलगा झाला. आई गेली. कंपनीनं आणखी एक नवा प्रोग्राम काढला, व्यापाऱ्याचा निरोप आला की जुना लॉक परत आणा, यंदा स्वस्त आहे. हिनं सांगितलं, बोटं चालतायत तोवर हाच बरा. मागच्या थंडीत तिची बोटं थांबली. दवाखाना सिल्वासाचा झाला, वापीचा झाला. त्यावर मी लिहीत नाही.

पूजा आता मी करतो. मंत्र येत नाहीत. टाकांना पाणी घालतो आणि लॉकला कोरड्या फडक्यानं पुसतो.

तिच्या गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, पत्रिका मुलीनं जुळवली. आईच्या खुर्चीत बसली, आईसारखीच पाय खाली आडव्या दांडीवर ठेवून. सगळं लिहून झाल्यावर तिनं मान वळवली.

"बाबा, मध्ये काय टाकू? फोटो टाकतात हल्ली."

मी सांगितलं, काही टाकू नको, वाटीएवढं सोड. वाटी कुठं आहे तिला माहीत होतं.

ट्रेसिंग घेतलं. स्क्रीन केली, उन्हात धरली, धुतली. उलटी करून मध्ये पट्टी लावली, कडा नखानं दाबल्या आणि ओढायला सुरुवात केली. चार-पाच ओढून झाल्यावर लक्षात आलं की प्रोग्राम रीतसर आहे, तिथं झाकायला काहीच नव्हतं.

पट्टी काढली नाही. राहिलेल्या तशाच ओढल्या.